लादीचं आयुष्य तिच्या सांध्यात

मनोरला पावसाळा म्हणजे चार महिने ओल. पायाबरोबर अंगणातला चिखल आत येतो, लादी पुसून कोरडी होते, पण सांधे दमटच राहतात. अहमदाबाद महामार्गाने मोरबीच्या टाइल्स आपल्याकडे सहज येतात. त्यांचा रंग आणि नक्षी घरातले सगळे मिळून निवडतात, सांध्यात काय भरायचं ते मात्र कुणी विचारत नाही. घरच्या लाद्या सांभाळताना मला जे पटलं, ते सांगतो.

१. पाणी मुरतं ते सांध्यातून. सिरॅमिक टाइलचा चकचकीत थर पाणी आत घेत नाही. सांध्यात भरलेलं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं, म्हणून पाणी, तेल, मळ सगळं तेच पितं. काळी पडते ती टाइल नव्हे, सांध्याची रेघ.

२. टाइलला टाइल चिकटवून बसवू देऊ नका. स्पेसर लावून दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायला मिस्त्रीला सांगा. नुसतं पांढरं सिमेंट कालवून भरलं की ते आकसतं आणि तडकतं. त्यापेक्षा पॉलिमर मिसळलेलं तयार ग्राउट बरं. न्हाणीघरात आणि ओट्याजवळ परवडत असेल तर इपॉक्सी भरा. त्याला सीलर, म्हणजे सांध्यात पाणी मुरू न देणारं द्रावण, लागत नाही.

३. सीलर हवा का, हे थेंब सांगतो. कोरड्या सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा वर राहिला, तर सीलर शाबूत आहे. रेघ गडद होऊन थेंब आत गेला, तर सीलर लावायचं काम काढायची वेळ झाली.

४. मुहूर्त होळीनंतरचा, मृगाआधीचा. ओल्या सांध्यात सीलर मुरत नाही. लादी धुतल्यावर एक-दोन दिवस पंखा लावून पूर्ण वाळू द्या. ग्राउट नवं असेल, तर डब्यावर सांगितलेले दिवस थांबा.

५. सीलर फक्त रेघेवर. आत मुरणारा सीलर घ्या आणि बारीक ब्रशने लावा. टाइलवर सांडलेला पाच-दहा मिनिटांत कोरड्या फडक्याने पुसून काढा. वाळला की त्याचा धुरकट थर बसतो, मग तो निघता निघत नाही. खिडक्या उघड्या ठेवा.

६. अॅसिड घरात नको. त्याने डाग जातो, पण सोबत सिमेंटही झिजतं. रेघ खोल होते आणि पुढच्या वेळी दुप्पट मळ धरते. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. रोजच्या पुसण्याला सौम्य साबणाचं पाणी पुरतं. हट्टी मळाला खाण्याचा सोडा ओला करून लावा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश लावू नका.

७. हळद-तेल सांडलं की लगेच टिपा. सीलर डाग अडवत नाही, फक्त त्याचं मुरणं लांबवतो. हळदीवर साबण पडला की डाग लालसर दिसतो, घाबरू नका. धुऊन घ्या. ऊन येत असेल तिथला उरलेला पिवळेपणा उन्हाने फिकट होतो.

८. भेगेवर सीलर हा इलाज नाही. भेग पडलेलं ग्राउट खरवडून नव्याने भरा. ठोकल्यावर टाइल पोकळ वाजली, तर आधी ती नीट बसवून घ्या. भिंत आणि लादी मिळते त्या कोपऱ्यात सिलिकॉन भरा, कारण तिथे हालचाल होते आणि सिमेंट तडकतं.

पावसाआधी आपण छपराची कौलं तपासतो, त्याच दिवशी लादीच्या सांध्यांवर चार थेंबही टाकून पाहा. सीलरच्या डब्याला येणारा खर्च लादी उखडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.