आधी श्रेढी ओळख, मग बेरीज

चि. सई हिस,

ताईने तुझ्या चाचणीच्या पेपरचे फोटो पाठवले. सूत्रं सगळी पाठ, मांडणी टापटीप. गुण गेले ते नको तिथे सूत्र लावल्यामुळे. मी रागावलेलो नाही. पण बेरजेला हात घालण्याआधी समोर अंकगणिती श्रेढी आहे का, हे बघायची सवय लाव.

तू पहिल्या दोन पदांचा फरक काढून थांबतेस आणि तिथेच फसतेस. 1, 4, 9, 16 मध्ये फरक 3, 5, 7 असा बदलत जातो, म्हणून ती श्रेढी नव्हे. गंमत म्हणजे त्या फरकांची मात्र श्रेढी होते! उलट 5, 5, 5, 5 ही श्रेढीच, फरक शून्य. फरक ऋण असो, अपूर्णांक असो, चालतो. बदललेला चालत नाही.

शाब्दिक उदाहरणात तर जास्तच जपायचं. समज, दरमहा 1000 रुपयांचं रिकरिंग, मुदत वर्षाची, सरळव्याज 6 टक्के. पहिल्या हप्त्यावर बारा महिन्यांचं व्याज 60 रुपये, दुसऱ्यावर 55, असं उतरत शेवटच्यावर 5. पहिलं आणि शेवटचं मिळून 65, दुसरं आणि शेवटून दुसरं मिळूनही 65. अशा सहा जोड्या, म्हणून एकूण व्याज 390. एका टोकाकडून जेवढं कमी होतं तेवढंच दुसऱ्या टोकाकडून वाढतं. सूत्रात याहून वेगळं काही नाही. पण तेच हप्ते चक्रवाढीने ठेवलेस, की फरक सारखा राहत नाही आणि हे सूत्र निरुपयोगी. बँका बहुधा चक्रवाढच देतात, तेव्हा पासबुकाशी ताडून बघू नकोस.

जोड्यांच्या या युक्तीवरून गाऊसची गोष्ट सगळे सांगतात. आपल्या आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारासच ती रीत लिहून ठेवली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

दुसरी चूक पदं मोजण्याची. 100 ते 200 मध्ये 7 ने भाग जाणाऱ्या संख्या 105 पासून 196 पर्यंत. 91 भागिले 7 म्हणजे 13, आणि तू तेरा लिहून मोकळी झालीस. तेरा ही मधली अंतरं झाली, पदं चौदा. बेरीज 2107.

आता भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं एक उदाहरण देतो. ग्रंथ 1150 चा, पण उदाहरण तुझ्याच अभ्यासक्रमातलं वाटेल. शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी 2 योजनं चालला. पुढे रोज ठरावीक अंतर वाढवत सात दिवसांत 80 योजनं दूर असलेलं शत्रूचं नगर त्याने गाठलं. रोजची वाढ किती? उत्तर पूर्णांकात येणार नाही, म्हणून लगेच खोडू नकोस. सातही दिवसांची चाल मांडून बेरजेचा ताळा कर आणि रविवारपर्यंत मला कळव.

तुझा,
मामा