कर्णा सागवानाचा की प्लायचा?

प्रश्न : स्पीकरसाठी घरीच लाकडी कर्णे करायचे आहेत. एक इंची तोंडाचे कॉम्प्रेशन ड्रायव्हर आणले आहेत. जुन्या दारांचं सागवान वापरलं तर आवाज गोड येईल का? मापं कशी काढू?

उत्तर : आवाज घडतो तो कर्ण्याच्या आतल्या वळणातून. लाकडाने ते वळण न थरथरता, न वाकता धरून ठेवायचं असतं. सागवान देखणं खरं, पण पावसाळ्यात रुंद फळी थोडी तरी हलते आणि जोड उकलू शकतात. म्हणून 18 मिमीचा मरीन प्लाय घ्या, सागवान बाहेरच्या कडेला शोभेसाठी ठेवा.

माप 300 हर्ट्झ धरून काढू. त्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 114 सेमी. गोल मुखाचा परीघ तेवढाच हवा, म्हणजे व्यास 36 सेमी. गळा 25.4 मिमी. एक्स्पोनेन्शियल वळणात दर 6.3 सेमीला छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, त्यामुळे लांबी 48 सेमीच्या आसपास येते. प्लायच्या 27 कड्या कापा. प्रत्येकीचं भोक आधीच्या कडीहून साधारण 10 टक्के मोठं. चिकटवल्यावर आतल्या पायऱ्या घासून सपाट करा. प्लायची धूळ फुप्फुसांना वाईट, तेव्हा मास्क हवाच. सगळ्यात जास्त वेळ गळ्याला द्या: ड्रायव्हरच्या जोडावर जराही खाच राहिली तर वरचे स्वर बिघडतात.

हा कर्णा 500 हर्ट्झच्या वरच वापरा. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात याहून वरची मर्यादा असेल तर तीच पाळा, आणि पहिल्या चाचणीलाही मालिकेत कपॅसिटर जोडा.