स्नानसंस्कार : एकदाच, पण रोजच्यासाठी

मननासाठी वाचन : रोमकरांस पत्र ६:३-११, प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४



आपली जन्मतारीख आपल्याला पाठ असते. लग्नाची तारीखही आपण सहसा विसरत नाही. मात्र आपला स्नानसंस्कार कोणत्या दिवशी झाला, असे कुणी विचारले तर आपल्यापैकी अनेकांना कपाटातली फाईल काढावी लागेल. तो दाखला आपल्याला आठवतो शाळाप्रवेशाच्या वेळी, नाहीतर लग्न ठरल्यावर. दिवंगत संत पापा फ्रान्सिस ह्यांनी ८ जानेवारी २०१४ रोजी भाविकांना हाच प्रश्न विचारला होता आणि घरी जाऊन ती तारीख शोधून काढण्याचा गृहपाठ दिला होता.

संत जॉन पॉल दुसरे ह्यांना ती तारीख ठाऊक होती : २० जून १९२०. संत पापा झाल्यावर जून १९७९ मध्ये ते पोलंडमधील आपल्या वादोवित्से गावी गेले, तेव्हा ज्या कुंडापाशी त्यांचा स्नानसंस्कार झाला होता त्या कुंडाचे त्यांनी चुंबन घेतले. ही त्यांची तिसरी वेळ होती. आधी ते आर्चबिशप म्हणून आणि नंतर कार्डिनल म्हणून त्या कुंडापाशी आले होते. पदे बदलत गेली, पण आपली सुरुवात कुठे झाली हे ते विसरले नाहीत.

ही सुरुवात म्हणजे नेमके काय? संत पौल सांगतात की स्नानसंस्कारात आपण ख्रिस्ताबरोबर मरतो, पुरले जातो आणि नव्या जीवनात चालण्यासाठी त्याच्याबरोबर उठतो. म्हणजे जुन्या माणसाला नुसते धुऊनपुसून स्वच्छ करणे एवढाच ह्याचा अर्थ नाही. येथे नवा माणूस जन्माला येतो. माथ्यावर ख्रिस्माचे तेल लागते, अंगावर शुभ्र वस्त्र येते, पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली ज्योत आईवडिलांच्या किंवा धर्मपालकांच्या हाती दिली जाते. ही सारी त्या नव्या जन्माची चिन्हे आहेत. आपण मात्र पुष्कळदा मंडप, जेवण आणि फोटो ह्यांतच अडकतो आणि ती मेणबत्ती कुठे ठेवली हेही विसरतो.

संत अगस्तीन लहानपणी आजारी पडले तेव्हा त्यांच्या स्नानसंस्काराची तयारी झाली होती. पण ते बरे झाले आणि तो पुढे ढकलला गेला. स्नानसंस्कारानंतर पाप घडले तर ते अधिक जड ठरेल, असे त्या काळी अनेकांना वाटे. पुढे कितीतरी वर्षे भटकल्यावर, इ. स. ३८७ च्या पास्काच्या जागरात मिलान शहरी संत अँब्रोज ह्यांच्या हस्ते त्यांना हा संस्कार मिळाला. त्यांचा मुलगाही त्याच वेळी त्यांच्यासोबत होता.

ती जुनी भीती वेगळ्या रूपात आजही आपल्यात आहे. "आता ह्या वयात मी काय बदलणार?" असे आपण म्हणतो. दारू सुटत नाही. बांधावरून भावाशी बोलणे तुटले, त्याला वर्षे लोटली. अशा वेळी स्नानसंस्काराची कृपा आपण घालवून बसलो, असे वाटू लागते. पण ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. स्नानसंस्काराने आत्म्यावर उमटलेली मुद्रा कोणत्याही पापाने पुसली जात नाही. म्हणूनच हा संस्कार पुन्हा दिला जात नाही. पापात पडलेल्यांसाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी, असे प्राचीन धर्मपितरांनी त्याला म्हटले आहे. बुडणारा माणूस फळी समोर दिसत असताना हात आखडता घेत नाही. मग आपण पापनिवेदनाला जायला का कचरतो?

नवी सुरुवात कशी दिसते, हे फिलिप्पै येथील तुरुंगाधिकारी आपल्याला शिकवतो. पौल आणि सीला ह्यांचे पाय त्यानेच खोड्यात अडकवले होते. पण विश्वास ठेवताच, त्याच रात्री, त्याने त्यांच्या जखमा धुतल्या. मग त्याचा व त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याने त्यांना घरी नेऊन जेवू घातले. ज्यांना कोंडले त्यांच्याच जखमा धुतल्या! आपल्या नव्या जीवनाचीही हीच खूण असावी. आपल्यामुळे कुणाला घाव बसला असेल, तर पाणी घेऊन आधी त्याच्याकडे जावे.

१९५१ साली संत पापा पायस बारावे ह्यांनी पास्काच्या जागराच्या विधीत सुधारणा केली, तेव्हापासून त्या रात्री सर्व भाविक स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण करू लागले. आपण पेटलेली मेणबत्ती हाती धरून सैतानाला नाकारतो आणि पित्यावर, पुत्रावर व पवित्र आत्म्यावर विश्वास प्रकट करतो. लहानपणी आपल्या वतीने इतरांनी दिलेले उत्तर त्या रात्री आपण स्वतः देतो. ते नुसते ओठांवर राहू नये. आणि त्यासाठी वर्षभर थांबण्याचेही कारण नाही. चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवून आपण क्रूसाची खूण करतो, तेव्हा आपल्या स्नानसंस्काराचीच आठवण करत असतो. ती खूण घाईने उरकू नये.

ह्या आठवड्यासाठी :

१. आपल्या व मुलांच्या स्नानसंस्काराच्या तारखा शोधून घरातील वेदीजवळ लिहून ठेवू या. त्या दिवशी मेणबत्ती पेटवून कुटुंबासह प्रार्थना करू या.

२. आपण धर्मपिता किंवा धर्ममाता असू, तर त्या मुलाशी शेवटचे कधी बोललो?

३. आपल्यामुळे झालेली कोणती जखम आपण अजून धुतलेली नाही?