वसईचा नाताळ

नाताळ २५ डिसेंबरला असतो. गेल्या वर्षी मी व बाबा अंबरनाथहून दिव्याला गाडी बदलून वसईला बाबांच्या मित्राकडे गेलो. दारात चांदणी टांगली होती. आजींनी करंज्या केल्या होत्या. पेंढ्याच्या गोठ्यात बाळ येशू, गाय व मेंढरे होती. असा देखावा संत फ्रान्सिस यांनी इटलीत १२२३ साली केला होता. गोठ्यावर कापूस होता. मी विचारले, "आजी, इथे बर्फ कुठे पडतो?" आजी म्हणाल्या, "युरोपात आल्प्स पर्वतावर नाताळात बर्फ असतो. चित्रं तिकडूनच आली."

रात्री चर्चमध्ये मराठीतच प्रार्थना झाली. मला ती येत नव्हती, म्हणून मी मागे उभा राहिलो. आजींनी हात धरून शेजारी बसवले. यंदा दिवाळीत आजी आमच्याकडे आल्या. मी त्यांना माझा किल्ला दाखवला.