कृत्रिम गुडघा आणि जंतू

झिजलेल्या गुडघ्यात धातू व प्लास्टिकचा सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आता सर्वपरिचित आहे. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर ती मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० व २००१ साली झाली.

शंभरांतील एक-दोन रुग्णांना मात्र जंतुसंसर्ग होतो. धातूत रक्त खेळत नाही. त्यावर जंतूंनी चिकट थर रचला की पांढऱ्या पेशी व औषधे निष्प्रभ ठरतात आणि प्रसंगी सांधाच काढावा लागतो. पायाची जखम वा किडलेला दात यांतून जंतू रक्तावाटे, कित्येक वर्षांनंतरही, तेथे पोहोचू शकतात. म्हणून राजेगावच्या धानाच्या बांधीत, चिखलात उतरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी लहान जखमही उपेक्षू नये.

विद्यार्थिमित्रहो, आजी-आजोबांचा गुडघा लाल झाला, सुजला, त्यातून पू आला किंवा ताप भरला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.