अतिरिक्त दूध : कोटा, दुधाची सुट्टी आणि वेतांचे नियोजन



आळे, आळेफाटा व कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर बागायत झालेल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कांदा-टोमॅटोचा भाव पडला तरी घरखर्च चालतो तो दुधाच्या पगारावर. म्हणूनच "दूध जास्त झाले, घेता येत नाही" असे संकलन केंद्रावर ऐकावे लागले की पोटात गोळा येतो. असे का होते आणि आपल्या हातात काय आहे, हे या लेखात पाहू.

युरोपातील कोटा

युरोपीय आर्थिक समुदायात लोणी व भुकटी ठरावीक भावाने विकत घेण्याची हमी होती. भावाला हमी, पण उत्पादनाला मर्यादा नाही. त्यामुळे लोण्याचे डोंगर साठले. म्हणून १९८४ साली प्रत्येक देशाला दुधाचा कोटा ठरवून दिला गेला. जादा दुधावर जबर दंड बसे. ही पद्धत ३१ मार्च २०१५ रोजी संपली. लगेचच भाव कोसळले आणि लाखो टन भुकटी पुन्हा सरकारी गोदामांत गेली.

आपल्याकडील अनुभव

महाराष्ट्रात कायद्याने कोटा नव्हता, पण पुष्टकाळात 'दुधाची सुट्टी' जाहीर होई. त्या दिवशी दूध स्वीकारले जात नसे. गाईला मात्र सुट्टी देता येत नाही! याच परिस्थितीत १९९२ साली मंचर येथे पराग हा खाजगी प्रकल्प उभा राहिला.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत शासनाने रोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपये दराने घेऊन भुकटी करण्याची योजना आणली. हीसुद्धा मर्यादाच होती. त्यापलीकडचे दूध योजनेबाहेर राहिले. २०१८ व २०२४ साली लिटरमागे ५ रुपये अनुदान मिळाले. २०२४ मध्ये त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला व आधारशी जोडलेले बँक खाते आवश्यक होते.

१०० लिटर गाईच्या दुधापासून सुमारे साडेआठ किलो भुकटी व चार किलो लोणी मिळते. त्यामुळे भुकटीचा भाव पडला की त्याची झळ थेट आपल्या केंद्रावर पोहोचते.

आपल्या हातात काय?

१) वेतांची विभागणी करावी. हिवाळ्यात दूध वाढते, उन्हाळ्यात घटते व मागणी मात्र वाढते. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. जून-जुलैमध्ये रेतन केल्यास गाय मार्च-एप्रिलमध्ये विते. सर्व गाई एकाच हंगामात विणार नाहीत असे पाहावे.

२) मात्र यासाठी व्यालेली गाय रिकामी ठेवू नये. तिला ६० ते ९० दिवसांत भरवावी. एक माज चुकला की २१ दिवसांचा खर्च अंगावर पडतो. हंगाम साधायचा तो कालवडींच्या पहिल्या रेतनात. संकरित कालवड २५० किलो वजनाची झाल्यावरच भरवावी.

३) उन्हाळी वेतासाठी मुरघास हवाच. ५ गाईंना रोज २० किलोप्रमाणे १२० दिवसांना १२ टन मुरघास लागतो. घनमीटरला ५०० किलो धरल्यास ६ मीटर लांब, २ मीटर रुंद व २ मीटर खोल खड्डा पुरेसा होतो. मका दाणे चिकात असताना कापावा. गोठ्यावर सावली व चोवीस तास पाणी असावे.

४) आवक वाढली की आधी कमी प्रतीचे दूध परत जाते. फॅट, एसएनएफ व स्वच्छतेत तडजोड करू नये. केंद्राची प्रत्येक पावती जपून ठेवावी.

५) प्रत्येक जनावराला बिल्ला मारून घ्यावा व नोंद अद्ययावत ठेवावी. योजना जाहीर झाल्यावर धावपळ केल्यास अनुदानाचे दिवस हातचे जातात.

दुधाचा भाव ठरवणे एकट्या शेतकऱ्याच्या हाती नाही. पण कोणती गाय कोणत्या महिन्यात विणार, हे बरेचसे आपणच ठरवू शकतो. येत्या जूनपूर्वी गोठ्यातील प्रत्येक गाईची रेतनाची व विण्याची तारीख वहीत लिहून काढा. नियोजनाची सुरुवात तेथूनच होते.