सप्ताह बसवायचा, तर रोख किती लागेल?

तूर घरात आली की नांदेड जिल्ह्याच्या भोकर तालुक्यातल्या गावागावांत देवळाच्या ओट्यावर बैठक बसते. यंदा सप्ताहाला कोणत्या महाराजांची तारीख मिळते, हा विषय पहिला निघतो. पैशाचा सगळ्यात शेवटी, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. आमच्या गावची वही चार वर्षं माझ्याकडे होती. क्रम उलटा करा, एवढंच सांगतो. वहीच्या डाव्या पानावर गाव घरातून काय देईल ते लिहा आणि उजव्या पानावर रोख काय मोजावं लागेल ते. महाराजांचा विषय त्यानंतर काढा.

डाव्या पानावर पहिली नोंद वीणेची. सात दिवस-रात्र वीणा खाली टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर दिवसाला १२, सप्ताहाला ८४. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि दोन टाळकरी लागतात. याला रुपया लागत नाही, पण नावं लागतात. देवळाच्या भिंतीवर खडूनं तक्ता काढला की संध्याकाळचे रकाने लगेच भरतात आणि रात्री दोन ते चारचा रकाना कोराच राहतो. तो आधी भरून घ्या. नाहीतर तिसऱ्या रात्री एकच म्हातारा घोंगडी पांघरून, वीणा गळ्यात घेऊन चार तास उभा असतो आणि पुढच्या पहाऱ्याचा गडी घरी घोरत असतो. काकडा, हरिपाठ, गाथा भजन हेही गावातच होतं. खर्च काय तो चहाचा.

दुसरी नोंद पंगतीची. इथं नीट हिशोब करा, कारण लोक बोली लावतात अन्नदानावरच. समजा, रोज ५०० पानं उठतात. माणशी ४० ग्रॅम डाळ धरली तर दिवसाला २० किलो, काल्यासकट आठ दिवसांची १६० किलो. गिरणीत तुरीची सत्तर-बहात्तर टक्के डाळ हाती येते, म्हणजे सव्वादोन क्विंटल तूर हवी. २०२५-२६ च्या ८,००० रुपये हमीभावानं ती १८,००० रुपयांची. पण ३०० उंबऱ्यांच्या गावात हेच घरटी पाऊण किलो तूर झाली. रोख साठ रुपये मागायला गेलं तर ‘बघू’ म्हणणारा माणूस पाऊण किलो तूर शेराच्या मापानं ओतून देतो, वर मूठभर जास्तच. पोळीचं तसंच. माणशी दीडशे ग्रॅम गव्हानं आठ दिवसांना सहा क्विंटल लागतात. २०२५-२६ च्या २,४२५ रुपये हमीभावानं १४,५५० रुपये. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. लाखोंची गर्दी असते, पण प्रसाद आमटी-भाकरीचाच. भाकरी आसपासच्या गावांतल्या चुलींवर होतात, मांडवात शिजते ती आमटी. आपल्याकडे मात्र कुणीतरी ‘आमच्या दिवशी बुंदी’ म्हणतो, मग दुसऱ्याला बालुशाही करावी लागते. अन्नदात्यांचा मेनू समितीनं आधीच एक ठरवून टाकावा. भांडण होईल, पण बैठकीत होईल, पंगतीत होणार नाही.

मध्ये एकादशी आली तर काटकसर बाजूला ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत एकादशीच्या प्रसादातली भगर खाऊन सुमारे दोन हजार लोकांना बाधा झाली होती. सुट्टी भगर, दळून ठेवलेलं भगरीचं पीठ स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. शिजवलेली भगर दुपारची रात्री वाढू नका. साबुदाणा, शेंगदाणे, केळी यांवर भागवलं तरी देव रागावत नाही.

आता उजवं पान. कीर्तनकारांचं मानधन पाच हजारांपासून सुरू होतं आणि नाव गाजलेलं असलं तर एका रात्रीचे लाखाच्या पुढे जातात. जिथं कीर्तन करावं तिथं जेवूही नये, असा तुकोबांचा अभंग आहे. समितीला तो नेमका पाकीट भरताना आठवतो, तारीख घेताना नाही. मानधनाइतकाच गाडीखर्च विचारा. आळंदीहून भोकरला जाऊन-येऊन हजार किलोमीटर होतात. किलोमीटरला बारा रुपये धरले तरी बारा हजार. म्हणून उमरी, मुदखेड, हदगाव, हिमायतनगरकडच्या सप्ताहवाल्यांशी बोलून तारखा लागोपाठ घ्या आणि गाडीखर्च वाटून घ्या. सातपैकी चार कीर्तनं जिल्ह्यातल्या महाराजांची ठेवली तर रोख निम्म्यावर येते. मृदंगाचार्य आणि गायनाचार्य मात्र आठवडाभर राहणारे, चांगले आणा. कमी मानधनाच्या कीर्तनकाराचं कीर्तनही ते उभं करतात. त्यांच्या पैशात घासाघीस केलेली मला आवडत नाही.

मांडव आणि आवाज या दोन गोष्टींत पैसा गळतो. लग्नतिथीच्या दिवसांत मांडववाला ऐकत नाही, म्हणून पंचांग उघडून लग्नसराई टाळूनच सप्ताह धरा. साऊंडवाल्याशी कागदावर ठरवा: किती भोंगे, किती माईक, किती दिवस, बिघडलं तर दुसरा माईक कोणाचा. एका वर्षी आम्ही तोंडी ठरवलं आणि काल्याच्या दिवशी आठव्या दिवसाचं भाडं दुप्पट निघालं. ‘सप्ताह म्हणजे सातच दिवस, काला वेगळा,’ असं त्याचं म्हणणं. चूक आमचीच.

ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. तेव्हा नऊ ते अकराचं कीर्तन साडेसात ते साडेनऊ करा आणि काकडा भोंग्याविना म्हणा. पोलीस ठाण्यात लेखी परवानगीचा अर्ज आधी द्या.

विजेसाठी आकडा टाकू नका. पकडलं तर समितीवर गुन्हा होतो. महावितरण धार्मिक उत्सवाला सवलतीच्या दरात तात्पुरती जोडणी देतं, अर्ज वेळेत करा. जनरेटर फक्त कीर्तनापुरता ठेवा. तीन तास, आठ दिवस, तासाला चार लिटर म्हणजे जवळजवळ शंभर लिटर डिझेल. नव्वदच्या भावानं नऊ हजार.

रेकॉर्ड लावल्याबद्दल कुणी परवान्याचे पैसे मागायला आलं, तर कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२ दाखवा. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत वाजवलेल्या संगीताला त्यात सूट आहे. ‘सप्ताहानिमित्त ऑर्केस्ट्रा’ ठेवलात तर हे कलम कामाला येणार नाही. वर्गणी गावाबाहेरही मागणार असाल आणि देवस्थान नोंदलेलं नसेल, तर धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी काढून पावतीपुस्तक छापा.

हार-फुलं मुदखेडहून थेट मळ्यातून आणा, नांदेडच्या बाजारातून नको.

काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटली, लाह्या-दही वाटलं गेलं की माणसं पांगायला लागतात. त्याआधीच माईक हातात घेऊन जमाखर्च वाचून टाका. उधारीवाल्यांची नावं नको, फक्त रकमा. पंगत उठायच्या आत दोन पोरं मांडववाल्याच्या सतरंज्या आणि भगोनी मोजायला बसवा. दरवर्षी एक सतरंजी कमी भरते आणि दरवर्षी ती कोणाच्या तरी बैलगाडीत सापडते, पण तोवर आपण तिचे पैसे भरलेले असतात.